सदतीस नंबरचा बूट

“मॅडम, लेडीजमध्ये यात काही येत नाही. चाळीस घ्या, आत जाड मोजा घाला, बसेल.”

पुण्यातल्या एका मोठ्या सायकलच्या दुकानात मला मिळालेला हा सल्ला. माझा पाय सदतीस नंबरचा, वय बावन्न. सायकल चालवते लहानपणापासून, पण शर्यतीची सायकल आली चार वर्षांपूर्वी. आणि आता आम्ही तिघी मिळून ट्रायथलॉनमध्ये उतरणार आहोत. एकीने 1.9 किलोमीटर पोहायचं, मी 90 किलोमीटर सायकल चालवायची, तिसरीने 21 किलोमीटर पळायचं. गोव्यात 2019 साली मिरामारला पहिल्यांदा झाली ती याच अंतराची. बूट घ्यायचे होते ते त्यासाठी.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या काहीजणी आत्ताच पान उलटायच्या बेतात असतील, हे मला माहीत आहे. आमच्या गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जुनी मैत्रीण सरळ म्हणाली, “तेवीस हजारांचे बूट? आपल्याकडे येणाऱ्या बाईची वर्षाची खोली निघेल त्यात.” मी गप्प बसले. घरी येऊन मात्र चिडले, आणि मग विचार केला की चिडले का. तिचा हिशोब चुकीचा नव्हता. पण माझ्या भावाने गेल्या वर्षी लाखाची मोटरसायकल घेतली तेव्हा कुणी खोलीभाड्याचा हिशोब काढला नव्हता, मीही नाही. बाई स्वतःच्या शरीरासाठी, ते सुंदर दिसावं म्हणून नव्हे तर जोरात पळावं म्हणून पैसे खर्च करते तेव्हा तिला उत्तरं तयार ठेवावी लागतात. म्हणून हे उत्तर. त्यात तेवीस हजारांची बाजू मी घेणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

दुकानदार मला जे विकत होता ते ‘एरो’ बूट, म्हणजे हवा कापणारे. कल्पना खोटी नाही. सपाट रस्त्यावर जरा वेग घेतला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवेशी झुंजण्यात जाते, आणि त्या हवेला अडवण्यात सायकलपेक्षा आपलं शरीरच जास्त येतं. पाऊल तर सतत गोल फिरत असतं. पेडल वरच्या टोकाला पुढे जातं तेव्हा पाऊल सायकलपेक्षाही जास्त वेगाने हवेत घुसतं. म्हणून बुटाचा वरचा भाग गुळगुळीत ठेवतात, नाड्या पट्टीखाली झाकतात, काहीजण बुटावर ताणून बसणारी पातळ खोळ चढवतात. जागतिक सायकल संघटनेने तर 2019 पासून मोज्यांच्या उंचीवर मर्यादा घातली : घोटा आणि गुडघा यांच्या मध्यापर्यंत, वर नाही. उंच मोज्यांनी हवा कमी अडते, म्हणून! मी हे वाचून खूप हसले. आपल्या मुलींच्या गणवेशाची उंची शाळा मोजतात, तशी तिथे पंच पट्टी घेऊन पायमोजे मोजतात.

पण कंपन्या ‘इतके वॉट वाचतात’ म्हणून जे आकडे सांगतात ते साधारणपणे ताशी 45 किलोमीटरच्या वेगाचे असतात. मी जाते पंचवीसने. हवेशी झुंजायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. उलट हिशोब केला तर तिथे सहा वॉट वाचले तर माझे वाचतात जेमतेम एक. यावर जाणकार म्हणतात, की हळू जाणारी जास्त वेळ रस्त्यावर असते, त्यामुळे मिनिटांमध्ये तिचीही बचत होतेच. बरोबर आहे. पण ती बचत मोजायची तर पाय नव्वद किलोमीटर टिकायला हवा ना! चाळिसाव्या किलोमीटरला चवड्याला मुंग्या आल्या आणि मी पाच मिनिटं झाडाखाली बूट काढून बसले, तर हवेतून वाचवलेले सेकंद गेले कुठे?

आणि मी बसले आहे. पहिले बूट मी पुरुषी चाळीस नंबरचेच घेतले होते, जाड मोज्यांचा सल्ला मानून. टाच आत वरखाली सरकायची. ती सरकू नये म्हणून वाद्या आवळायच्या, की चवडा चिरडायचा. त्याहून वाईट म्हणजे बुटाच्या तळाला जी क्लीट बसवतात, पेडलमध्ये खटक्याने अडकते ती, तिची जागा चवड्याच्या हाडांखाली यायला हवी. बूटच मोठा असेल तर तिची भोकंही पुढे सरकतात. मग मी जोर द्यायची तो बोटांवर. गुडघा दुखायला लागला तेव्हा वाटलं, वय झालं. घरच्यांनाही तेच वाटलं. बाईचं काही दुखलं की वय नाहीतर वजन, तिसरं कारण कुणाला सुचतच नाही.

बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची छोटी प्रत नव्हे. वुंडरलिश आणि कॅव्हनाग यांनी 2001 साली पावलांची मापं घेऊन हे मांडलं, आणि बूट बनवणाऱ्यांनी केवळ आकार लहान करून भागणार नाही असं सांगितलं. त्यात आपल्या पायांची आणखी एक गंमत. आयुष्य अनवाणी नाहीतर चपलेत गेलेलं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय मोजले होते, ते रुंद भरले. म्हणजे परदेशी अरुंद साच्याचा ‘लेडीज’ बूट आला तरी तो आपल्याला चावणारच. त्यावर गुलाबी पट्टी मारलेली असते, तेवढीच काय ती आपली दखल.

ट्रायथलॉनचा बूट आणखी वेगळा. पाण्यातून ओल्या पायाने येऊन बिनमोज्याचा चढवायचा असतो, म्हणून त्याला एकदोनच रुंद वाद्या, टाचेमागे ओढायला मोठा बंद, पाणी निथळायला भोकं. पटाईत खेळाडू बूट आधीच पेडलला अडकवून ठेवतात आणि अनवाणी धावत येऊन चालत्या सायकलवर पाय घालतात. दुकानदार मला हेच गळ्यात मारत होता. मी म्हटलं, अहो, मी पोहणारच नाहीये! माझी मैत्रीण पाण्यातून येईपर्यंत मी बूट घालून उभीच असणार. माझ्यासारखीला साधा रस्त्याचा, पक्का आवळता येणारा बूट बरा. आणि जिला रोज याच सायकलवरून कामाला जायचंय, वाटेत दूध घ्यायचंय, तिने तर तीन स्क्रूंच्या क्लीटच्या वाटेला जाऊ नये. फरशीवर घसरायला होतं. दोन स्क्रूंची छोटी क्लीट तळव्यात बुडालेली असते, चालता येतं.

तामिळनाडूत पुदुकोट्टईला नव्वदीच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून हजारो बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय. त्यांतल्या काहीजणी ‘जेन्ट्स’ सायकलच पसंत करायच्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं. मला हे फार आवडतं. त्यांनी वस्तू आपल्या गरजेवर घासून पाहिली, नावावर गेल्या नाहीत. आपल्या शहरी खेळाडू बायका मात्र दुकानदार म्हणेल ते मुकाट्याने घेतो आणि दुखलं की स्वतःला दोष देतो. मीही तेच केलं, दोन वर्षं.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत 1896 मध्ये झाली, बायकांची 1984 मध्ये. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं अंतर. ट्रायथलॉन आलं 2000 साली सिडनीत, तिथे निदान दोघांच्या शर्यती एकदमच सुरू झाल्या. बायकांची तर आधी झाली. दुकानांची फळी अजून 1984 च्या अलीकडे आलेली नाही.

शेवटी मी काय घेतलं? नायलॉनच्या तळाचे, रुंद चवड्याचे, सदतीस नंबरचे, साडेसात हजारांचे बूट. मागवून घ्यावे लागले, पाच आठवडे थांबले. संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, घालून पाहिले. मोज्यासकट उभी राहिले, बोटं हलतात का बघितलं, टाच उचलून बघितली. हवा कापत नाहीत फारशी. परवा सत्तर किलोमीटर झाले, मुंग्या नाहीत.

त्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “साडेसातसुद्धा जास्तच आहेत.” आमचं यावर एकमत होणार नाही. पण तिनेच पुढे सुचवलं, की छत्तीस ते एकोणचाळीस नंबरचे सायकलचे बूट गटाच्या कार्यालयात जमवून ठेवू, घालून बघायला आणि उसने न्यायला. माझे जुने चाळीस नंबरचे तिथे पहिल्या फळीवर ठेवलेत. पाय मोठा असेल अशी कुणी असेल, तर जरूर घेऊन जा. छत्तीसचा जोड अजून एकही आलेला नाही.