संघ आपला, हिशेबही आपलाच

२ एप्रिल २०२४ रोजी मिझुरीतल्या जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी कॅन्सस सिटीच्या चीफ्स (फुटबॉल) आणि रॉयल्स (बेसबॉल) या दोन्ही संघांच्या स्टेडियमसाठी मागितलेला विक्रीकर ५८ विरुद्ध ४२ टक्क्यांनी फेटाळला. चीफ्सनी सलग दुसरा सुपर बोल जिंकून तेव्हा जेमतेम सात आठवडे झाले होते. लोक अजून चीफ्सच्या लाल सदऱ्यांतच वावरत होते आणि त्याच लोकांनी स्टेडियमला नकार दिला. "हे कसले चाहते?" हा प्रश्न तेव्हापासून इथल्या आपल्या मराठी मंडळींतही ऐकू येतो. २२ डिसेंबर २०२५ ला चीफ्सनी २०३१ पासून कॅन्ससमध्ये खेळणार असं जाहीर केल्यावर त्याला नवी पुस्ती जोडली गेली: "घ्या, नाही म्हणालात ना, आता बसा हात चोळत. संघ आपल्याकडे आला!"

मला हा आनंद कळतो. आपल्यापैकी बरेच जण ओव्हरलँड पार्क, ओलेथा, लेनेक्सा या कॅन्ससच्या बाजूच्या गावांत राहतात. वायनडॉट काउंटीतलं नवं स्टेडियम आपल्याला सोयीचं पडेल, संघाचं सरावकेंद्र आणि मुख्यालय तर ओलेथातच येणार आहे. तरीही मला वाटतं की जॅक्सन काउंटीच्या त्या ५८ टक्क्यांत चीफ्सचे सच्चे चाहते भरपूर होते आणि त्यांनी केलं ते योग्यच केलं. चूक झाली ती आपल्या बाजूला. आपल्याला कुणी विचारलंच नाही, आणि आपणही 'विचारा' म्हटलं नाही.

आधी तो नकार नेमका कशाला होता ते पाहू. शंभर डॉलरच्या खरेदीमागे साडेसदतीस सेंट, असा तो कर आणि मुदत चाळीस वर्षं. चीफ्सच्या ॲरोहेड या मैदानाच्या नूतनीकरणाचा अंदाज ८० कोटी डॉलरचा होता, त्यातले ३० कोटी मालक हंट कुटुंब घालणार होतं. रॉयल्सना बेसबॉलचं नवं मैदान शहराच्या मध्यभागी क्रॉसरोड्स भागात हवं होतं. ही जागा त्यांनी जाहीर केली १३ फेब्रुवारीला, मतदानाच्या सात आठवडे आधी. त्या भागातल्या छोट्या दुकानदारांना आपलं दुकान राहणार की पाडलं जाणार हे ठाऊक नव्हतं. मतदानाला थोडेच दिवस उरले असताना कुठला रस्ता बंद होणार यावर आराखडा बदलत होता. चाळीस वर्षांचा कर मागायला येणाऱ्याने निदान कागद तरी पुरे करून आणावेत, एवढीच लोकांची अपेक्षा होती.

याच काउंटीने २००६ मध्ये काय केलं होतं, ते आज कुणी आठवत नाही. एप्रिल २००६ मध्ये मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते. दोन्ही मैदानांच्या दुरुस्तीसाठी कर द्यायचा का, यावर लोक हो म्हणाले. दोन्ही मैदानांवर सरकतं छप्पर बसवण्यासाठी वेगळा कर द्यायचा का, यावर नाही म्हणाले. तेच मतदार, तोच दिवस, दोन वेगळी उत्तरं. लोकांना खेळाची किंमत कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही मतपत्रिका डोळ्यांसमोर ठेवावी. २००६ मध्ये मंजूर झालेला कर जॅक्सन काउंटी आजही भरते आहे. २००४ मध्ये दोन्ही राज्यांतल्या काउंटींनी मिळून स्टेडियम आणि कलासंस्थांना पैसा द्यावा असा प्रस्ताव आला, तेव्हा आपल्या जॉन्सन काउंटीने तो नाकारला होता. म्हणजे ॲरोहेडचा गजर आपण इतकी वर्षं फुकटात अनुभवला आणि बिल राज्यसीमेपलीकडच्यांनी भरलं. त्यांना 'कसले चाहते' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

नकारानंतर काय व्हायला हवं होतं? मालकांनी सुधारित प्रस्ताव घेऊन परत यायला हवं होतं. घडलं भलतंच. जून २०२४ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाने खास अधिवेशनात स्टार बाँडचा, म्हणजे विक्रीकराच्या वाढीतून फेडायच्या रोख्यांचा, कायदा विस्तारला. स्टेडियमच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंत भाग रोख्यांतून उभारायला मुभा दिली आणि परतफेडीची मुदत तीस वर्षांपर्यंत नेली. मग मिझुरी घाबरलं. जून २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने निम्म्यापर्यंत खर्च उचलायची तयारी दाखवली, आणि तीही त्याच खास अधिवेशनात, जिथे सेंट लुईसच्या वादळग्रस्तांच्या मदतीचा विषय होता. एका संघासाठी दोन राज्यांचा असा लिलाव चालला. ५८ टक्क्यांचा कौल त्यात वाऱ्यावर गेला, आणि आपला कौल तर कुणी घेतलाच नाही. सुमारे ३ अब्ज डॉलरच्या स्टेडियमच्या ६० टक्के खर्चाला कॅन्ससच्या विधिमंडळाच्या नेत्यांच्या एका छोट्या समितीने मंजुरी दिली. हा आकडा १.८ अब्ज डॉलरच्या घरात जातो.

आपल्या मंडळाच्या सर्वसाधारण सभेत वार्षिक वर्गणी पाच डॉलरनी वाढवायची म्हटली तर मागचे जमाखर्च निघतात, गणपतीच्या जेवणाचा दर निघतो, सभागृहाचं भाडं निघतं, आणि तासभर वाद होऊन मग हात वर होतात. त्या वादाला आपण कधी मंडळद्रोह म्हणत नाही. मग १.८ अब्जांबद्दल प्रश्न विचारणारा संघद्रोही कसा ठरतो?

आता समर्थकांची बाजू. तिच्यात तथ्य आहे, म्हणून ती नीट मांडतो. ते म्हणतात, स्टार बाँड हा नवा कर नाही. ठरवून दिलेल्या परिसरात विक्रीकराचं जे उत्पन्न वाढेल, त्या वाढीतूनच रोखे फेडले जातात. स्टेडियम नसतं तर ही वाढच झाली नसती, मग गेलं कुणाचं? शिवाय वायनडॉट काउंटीतच कॅन्सस स्पीडवे आणि लेजंड्सचा बाजार याच पद्धतीने उभा राहिला, आणि तिथले मूळ रोखे मुदतीआधी फिटले. हे खरं आहे. माळरानावर गजबज उभी राहिली, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण तेवढंच एक उदाहरण समोर धरणं बरोबर नाही. राज्याच्याच लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये स्टार बाँडवर उभ्या राहिलेल्या १६ आकर्षणांची तपासणी केली, तेव्हा बाहेरून पर्यटक आणण्याचं ठरलेलं उद्दिष्ट फक्त तिघांनी गाठलं होतं. ओव्हरलँड पार्कचं प्रेरीफायर संग्रहालय आपल्यातल्या कित्येकांनी मुलांना डायनासोर दाखवण्यासाठी पाहिलं असेल. तेही याच योजनेतलं, आणि तिथले रोखे थकले. दुसरं असं की परिसर जितका मोठा आखाल, तितकी तिथली साधी महागाईसुद्धा 'वाढ' म्हणून रोख्यांकडे जाते. दुकान आधीपासून होतं, माल तोच आहे, भाव मात्र चढला. कॅन्ससचा विक्रीकर साडेसहा टक्के आहे. त्यातून येणारा वाढीव पैसा शाळा आणि रस्त्यांऐवजी रोखेधारकांकडे जाणार असेल, तर 'नवा कर नाही' हे शब्द खरे असूनही पुरेसे नाहीत.

तिसरा मुद्दा सगळ्यांत साधा आहे. रविवारी सामन्याला जाणारं कुटुंब आधी मिझुरीत पैसे खर्च करायचं, आता कॅन्ससमध्ये करील. एकट्या कॅन्ससच्या वहीत ती भर दिसेल, हे मी मान्य करतो. पण आपलं महानगर एकच आहे. आपण एका राज्यात राहतो, दुसऱ्या राज्यात नोकरीला जातो. २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी कंपन्या पळवापळवीचं जुनं युद्ध थांबवायचं ठरवलं होतं, ते याच कारणाने. अर्थतज्ज्ञ जॉन चार्ल्स ब्रॅडबरी, डेनिस कोट्स आणि ब्रॅड हम्फ्रीज यांनी या विषयावरचं कित्येक वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. स्टेडियममुळे स्थानिक अर्थव्यवस्थेला मिळणारा फायदा सरकारी मदतीच्या जवळपासही जात नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याचं कारण हेच: घरातला करमणुकीचा पैसा तेवढाच असतो, तो फक्त जागा बदलतो.

मग चाहत्याला काय मिळतं? बफेलोकडे पाहा. बिल्सच्या नव्या स्टेडियमसाठी न्यूयॉर्क राज्याने ६० कोटी आणि ईरी काउंटीने २५ कोटी डॉलर दिले. त्यानंतर हंगामाचं तिकीट हवं असेल तर आधी खुर्चीचा परवाना विकत घ्या, असं चाहत्यांना सांगण्यात आलं. म्हणजे एकदा कर, मग परवाना, मग तिकीट. जिथे सर्वांत जास्त प्रेम, तिथे सर्वांत जास्त वसुली. आपल्याकडेही तीच वेळ येऊ शकते, आणि ॲरोहेडच्या वाहनतळावर पहाटेपासून शेगडी पेटवून बार्बेक्यूच्या धुरात बसणारा माणूसच आधी बाहेर पडेल. नव्या मैदानाला छप्पर असणार. १३ जानेवारी २०२४ ला ॲरोहेडवर मायामीविरुद्धच्या सामन्यात तापमान शून्याखाली २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं आणि काही प्रेक्षकांना हिमदंशामुळे बोटं गमवावी लागली. त्यांना छप्पर नको असेल असं मी म्हणणार नाही. पण याच उघड्या मैदानात २०१४ मध्ये १४२.२ डेसिबलचा विश्वविक्रमी गजर झाला होता. तो गजर करणारे लोक नव्या मैदानात परवडणाऱ्या खुर्चीवर असतील का, हे करारात लिहून घ्यायला हवं.

'पैसे दिले नाहीत तर संघ जातो' ही भीती खोटी नाही. सेंट लुईसचे रॅम्स २०१६ मध्ये गेले. पण तिथे सरकारी पैशांतून बांधलेला डोम होता आणि संघ गेल्यावरही त्याचे हप्ते लोकच भरत राहिले. म्हणजे पैसे देऊनही संघ जातो. सेंट लुईसला पुढे ७९ कोटी डॉलरची भरपाई मिळाली, ती कोर्टात भांडल्यामुळे. दुसरीकडे ग्रीन बेचा पॅकर्स संघ १९२३ पासून लोकांच्या मालकीचा आहे. तिथे २००० साली मैदानासाठी अर्धा टक्का विक्रीकर मतदानाला टाकला गेला, लोकांनी हो म्हटलं आणि २०१५ मध्ये तो कर बंदही झाला. विचारलं आणि हिशेब दाखवला, तर चाहता हो म्हणतो.

आपल्यापैकी कितीतरी जण एच-१बी व्हिसावर आहेत, कितीजणांचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं रांगेत आहे. त्यांना मत नाही, पण टीव्हीपासून टायरपर्यंत प्रत्येक पावतीवर विक्रीकर मात्र आहे. नागरिक झालेल्यांवर म्हणूनच जास्त जबाबदारी येते. नगर परिषदेच्या आणि काउंटीच्या जाहीर सुनावणीत बोलायला नागरिकत्वाचा दाखला सहसा लागत नाही, तेव्हा बाकीच्यांनाही तो मार्ग मोकळा आहे. तिथे विचारायचे प्रश्न फार नाहीत. बांधकामाचा खर्च वाढला तर तो कोण देणार? परिसराची हद्द कुठवर, आणि वाढ कुठल्या वर्षापासून मोजणार? स्टेडियमच्या नावाचे हक्क विकले तर त्या पैशांत लोकांचा वाटा किती? स्वस्त तिकिटं किती, आणि किती वर्षं? रोखे फिटण्याआधी संघ निघाला तर दंड काय?

हे प्रश्न विचारूनही आपण शुक्रवारी लाल सदरा घालून कामावर जाऊ शकतो. हे रोखे तीस वर्षं चालू शकतात. आपल्या बालवाडीतल्या मुलांनी घर घेऊन, नोकरी करून, स्वतःची मुलं वाढवायला घेतली तरी ते फिटलेले नसतील, आणि तोवर कदाचित आणखी नव्या स्टेडियमची मागणी समोर आलेली असेल. त्या मुलांच्या नावाने घेतलेल्या कर्जाचा हिशेब मागायला आज आपणच आहोत, आणि चीफ्सवर आपलं प्रेम आहे म्हणून तर तो आपणच मागायला हवा.