लेपाची निवड

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक आजारी होता. मनुष्य नव्हे, संगणक. धाकट्या सूनबाई त्यावर भाषांतराचें काम करतात. सकाळीं तो बरा असे. परंतु ऊन चढलें कीं त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंघावूं लागे, अक्षरें रेंगाळत उमटत, आणि दोन वेळां तर सगळें लिहिलेलें पोटांत घेऊन तो मध्येंच बंद पडला. हातीं दोनशें पानांचें काम, मुदत पंधरा दिवसांची. नवा घ्यावयाचा तर चाळीस हजार रुपये, आणि तेहि धाकट्या नातीच्या प्रवेशाच्या महिन्यांत! सूनबाई बोलत कांहीं नसत, पण दुपारचें जेवण त्यांना जात नव्हतें, हें घरांत सर्वांनाच दिसत होतें.

थोरल्या चिरंजीवांचा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. त्यानें प्रोसेसरचें तापमान पाहिलें. तें ९५ अंशांवर जात होतें. "आजोबा, यंत्र बिघडलेलें नाहीं. आंतली थर्मल पेस्ट वाळली आहे. सहा वर्षें झालीं तिला."

पेस्ट म्हटल्यावर मला दांत घासण्याचीच आठवण होणार! मग त्यानें समजावून दिलें आणि मला तें फार आवडलें. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचें झांकण असतें. त्यावर उष्णता ओढून घेणारा शीतक, म्हणजे कूलर, दाबून बसविलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे दिसतात, परंतु सूक्ष्मदर्शकाखालीं सारे डोंगर आणि दऱ्या. दोन पाट एकमेकांवर पालथे घातले तरी मधून मुंगी जाते, त्यांतलाच प्रकार. त्या दऱ्यांत हवा राहते, आणि हवेसारखा उष्णतेचा कंजूष वाहक दुसरा क्वचितच. शास्त्रज्ञांच्या मापानें तांब्याची वाहकता सुमारें ४००, तर हवेची ०.०२६. बऱ्यापैकीं पेस्टची ८ धरली, तर ती हवेहून तीनशें पट बरी, पण तांब्याचा केवळ पन्नासावा हिस्सा. म्हणजे लेपाचें काम दऱ्या भरण्याचें. जाड थर दिला तर तोच अडसर होतो.

ही पेस्ट बहुधा सिलिकोन तेलांत जस्ताची किंवा अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडें खलून केलेली असते. जस्ताचें ऑक्साइड म्हणजे मुख्यतः आपल्या वैद्यांचें यशदभस्मच. कांहींत चांदीची पूड असते. कालांतरानें तेल निघून जातें, यंत्र तापतें-निवतें तसा लेप कडेकडे सरकतो, आणि मागें उरतो तो खडूसारखा थर.

आतां कोणती पेस्ट घ्यावी हा प्रश्न. नातवानें पूर्वींच ठरविलें होतें: "द्रवधातु घेऊं, आजोबा. तिची वाहकता साध्या पेस्टच्या आठ-दहा पट." ही गॅलियमची मिश्र धातु असते. गॅलियमचें नांव ऐकतांच माझे कान टवकारले. रशियाचे मेंडेलीव्ह यांनीं १८७१ सालीं अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या घरांत एक अज्ञात मूलद्रव्य असलें पाहिजे असें भाकीत केलें, आणि त्याला नांव दिलें 'एक-अ‍ॅल्युमिनियम'. हें 'एक' आपल्या संस्कृतांतलें! १८७५ सालीं फ्रान्समध्यें ल्कॉक द ब्वाबोद्रां यांना तें सांपडलें. तें सुमारें ३० अंशांवर वितळतें; तळहातावर ठेवलें तरी पाणी होतें.

मी सहज विचारलें, "बाळ, आपला शीतक कशाचा?"

"अ‍ॅल्युमिनियमचा असावा. प्रोसेसरच्या पेटींतच मिळालेला आहे."

"मग ही धातु त्याला चालते काय, तें पाहिलेंस?"

पाहिलें नव्हतें. पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला. गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या कणाकणांच्या सांध्यांत शिरतें आणि धातूला ठिसूळ करून टाकतें. 'एक-अ‍ॅल्युमिनियम' आपल्याच नांवाच्या भावाला खातें! शिवाय ही धातु विजेची वाहक; एक थेंब बाजूच्या भागांवर सांडला तर सारा खेळ आटोपला. शीतक तांब्याचा, त्यावर निकेलचा मुलामा, आणि हात सरावलेला असेल, तर तिचा विचार करावा. आमच्याकडे यांपैकीं एकहि गोष्ट नव्हती.

राहिल्या साध्या पेस्ट: आर्क्टिक एमएक्स-४, नोक्टुआ एनटी-एच१, क्रायोनॉट इत्यादि. नळीवर वाहकतेचे आंकडे असतात खरे, परंतु प्रत्येक कारखानदाराची मोजण्याची तऱ्हा निराळी; दोन नळ्यांचे आंकडे शेजारीं ठेवून निवाडा करणें म्हणजे एका दुकानच्या वजनानें दुसऱ्या दुकानचें माप ताडणें होय. प्रत्यक्षांत चांगल्या पेस्टांमधला फरक बहुधा दोन-चार अंशांचा. आम्हीं वीज न वाहणारी, लौकर न वाळणारी, चार ग्रॅमची नळी चारशें रुपयांना आणली. (दांतांची पेस्टहि क्षणभर काम देते, कारण तिच्यांत पाणी असतें, परंतु तें आटलें कीं सर्व मुसळ केरांत. घरांतल्या तिघांनीं ती सुचविली होती, म्हणून लिहिलें.)

खरी कसोटी पुढेंच होती. नातवानें स्क्रू काढले आणि थंड यंत्रावरचा शीतक सरळ वर ओढला. जुना लेप खळीसारखा घट्ट झालेला. शीतकाबरोबर प्रोसेसरहि सॉकेटांतून उपटून आला! या एएम-४ जातीच्या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात, केंसासारख्या. त्यांतल्या दोन वाकल्या. सूनबाई दाराशीं उभ्या होत्या. "राहूं द्या, भाऊजींना सांगून नवा घेऊं," एवढेंच त्या म्हणाल्या, पण आवाज कांपत होता. पोराच्या डोळ्यांत पाणी आलें. मी त्याला बसविलें, भिंग दिलें, आणि शिसपेन्सिलीच्या पोकळ धातूच्या टोंकांत एकेक पिन घालून ती हलकेंच सरळ करावयास लाविलें. अर्धा तास गेला. आधीं यंत्र थोडा वेळ चालवून लेप ऊन करावा, मग शीतक डावा-उजवा पिळून सोडवावा, हें आम्हांला नंतर कळलें.

पुढचें सोपें. आयसोप्रोपिल अल्कोहोलनें दोन्ही पृष्ठभाग पुसले, झांकणाच्या मध्यभागीं वाटाण्याएवढा लेप ठेवला आणि शीतक सरळ खालीं उतरविला. नातवाला पोळीवर तूप माखावें तसें सर्वत्र माखावयाचें होतें. परंतु दाबानें लेप आपोआप पसरतो. चारी स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. पंख्याच्या पात्यांतून मूठभर धूळ निघाली, तिचाहि वांटा असलाच पाहिजे.

यंत्र सुरू झालें. भर दुपारीं, काम चालूं असतां, ७२ अंश. सूनबाईंनीं चौदाव्या दिवशीं हस्तलिखित पाठविलें. उरलेली नळी सध्यां न्हाणीघराजवळच्या फळीवर आहे. तिच्यावर आमच्या मंडळींनीं 'दांतांना लावूं नये' अशी चिठ्ठी डकविली आहे.