इशारा : १ मेपर्यंत वस्तीच्या नळाला पाणी आलेच पाहिजे

सरपंच, सर्व सदस्य, ग्रामसेवक आणि पाणीपुरवठा समिती यांना आम्हा वस्तीकरांचा हा शेवटचा इशारा. तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच घेतली. उत्तर एकाचेही नाही.

तुम्ही सांगता, वस्ती लाइनच्या शेवटाला आहे, दाब येत नाही. वस्ती ओढ्याकाठी आहे, गावठाणापेक्षा पुरुषभर खाली. पाणी उताराला धावते हे शाळकरी पोरही सांगेल. दाब कुठे जातो ते आम्हाला ठाऊक आहे. वरच्या आळीत थेट लाइनवर टुल्लू मोटारी बसल्यात आणि आमच्याकडचा व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांच्या वर कधी उघडतच नाही. पहाटे आमच्या म्हाताऱ्या नळाला कान लावून बसतात. आधी नुसती हवा सुसाटते, मग करंगळीएवढी गढूळ धार लागते आणि चौथा हंडा भरतो न भरतो तोच तीही तुटते.

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे अठरा हंडे. उरलेले चौदा हंडे आमच्या पोरी शाळा बुडवून डोक्यावर वाहतात. आणि गाव ‘हर घर जल’ झाल्याचा ठराव तुम्ही मांडायला निघालात! त्यावर वस्तीतला एक अंगठा मिळणार नाही.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे कागदावर खुले केले होते. तरी त्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. कागदावर खुले, प्रत्यक्षात बंद. आमच्या पणज्यांनी ते सोसले. आमच्या पोरी सोसणार नाहीत.

१ मेच्या ग्रामसभेआधी पंचनामा करून सगळ्या मोटारी काढा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पाणी सोडण्याच्या वेळा फलकावर लावा. तपासणीला नमुना टाकीचा नको, आमच्या शेवटच्या नळाचा घ्या, आमच्या बायकांसमोर घ्या.

हे झाले नाही तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद देऊ. पाणवठा इतरांच्या बरोबरीने वापरू न देणे हा त्यात गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा, आणि विहीर-तळ्यांच्या जोडीने नळही त्या कलमात लिहिलेला आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला वेगळे कलम आहे. ते ग्रामसेवकांनी आजच वाचून ठेवावे.

शिवाय २ मेच्या पहाटे वस्तीतली प्रत्येक बाई रिकामा हंडा घेऊन टाकीखाली बसेल. आम्ही तोडफोड करणार नाही, व्हॉल्व्हला हात लावणार नाही. पाणी सोडायला जो कोणी चावी घेऊन येईल, त्याने ती आमच्या डोळ्यांदेखत फिरवायची, शेवटच्या फेऱ्यापर्यंत.

— समस्त वस्तीकर