धरणाचे चावडीवाचन

जुलै-ऑगस्टच्या दिवसांत कोल्हापूर शहरात दोन आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी 39 फुटांवर गेले की इशारा आणि 43 फुटांवर गेले की धोका. तिसरा आकडा याहून लहान, पण त्याची विचारपूस अधिक होते : राधानगरीचे दरवाजे किती उघडले? धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि प्रत्येकातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी भोगावतीत उतरते. जलाशय 347.5 फुटांच्या पूर्ण पातळीला भिडला की पाण्याच्याच दाबाने ते एकामागून एक उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. त्यांना वीज लागत नाही, वरिष्ठांचा हुकूम लागत नाही, की मध्यरात्री कोणी उठून जावे लागत नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी आरंभलेले, पैशाअभावी मध्येच थांबलेले आणि त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी, स्वातंत्र्योत्तर काळात पुरे झालेले हे धरण आजही त्या यंत्रणेच्या भरवशावर उभे आहे.

तथापि धरणाला केवळ स्वयंचलित दरवाजेच असतात असे नाही. माणसाने उघडावयाची आणि मिटावयाची सेवाद्वारेही असतात, आणि डिसेंबर 2021 च्या अखेरीस त्यांपैकी एकाने सर्वांची झोप उडविली. दुरुस्तीचे काम चालू असताना तांत्रिक बिघाडामुळे दार उघडे राहिले, ऐन हिवाळ्यात भोगावतीत अकस्मात मोठा विसर्ग सुरू झाला आणि नदीकाठच्या गावांना सावधगिरीचे इशारे द्यावे लागले. योगायोग असा की, देशाचा धरण सुरक्षा कायदा अंमलात आला तोही त्याच आठवड्यात, 30 डिसेंबर 2021 रोजी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, प्रत्येक धरणाची नोंदवही, आपत्कालीन कृती आराखडा, या गोष्टी आता कायद्यानेच बंधनकारक आहेत. म्हणजे एखाद्या दाराचे शेवटचे ग्रीसिंग कधी झाले, त्याचे रबरी सील केव्हा बदलले, साखळी कोणत्या जाडीची आहे, या प्रश्नांची उत्तरे लिखित स्वरूपात असली पाहिजेत. ती कोठे आणि कशी असावीत, हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. वस्तुतः तो तसा नाही.

अशा नोंदींची आजवर तीन घराणी झाली. पहिले कापडी बांधणीच्या वह्यांचे. दुसरे कार्यालयातील संगणकाचे : एका खोलीत एक यंत्र, त्यात एकेकाळी कोणी तरी तयार करून दिलेला कार्यक्रम, आणि तो चालविता येणारा एखादाच माणूस. मोठे कारखाने, वीजमंडळे, रेल्वे यांच्याकडे याच जातीच्या पण कितीतरी मोठ्या प्रणाली असतात. कोणते यंत्र केव्हा घेतले, कोठे बसविले, किती वेळा बिघडले आणि पुढची देखभाल कधी, याचा हिशेब त्या ठेवतात. तिसरे घराणे क्लाऊडचे. यात माहिती स्वतःच्या कपाटात न राहता दूरच्या संगणककेंद्रात राहते आणि जाळ्यावरून कोठूनही पाहता येते. केंद्रीय जल आयोगाने 2018 मध्ये देशातील मोठ्या धरणांच्या आरोग्यनोंदीसाठी जालाधारित प्रणाली आणली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून 'धर्मा' असे नाव ठेवले. सरकारी क्लाऊडच्या योजनेचे नाव तर 'मेघराज'. नावे ठेवण्यात आपण कधीच कमी पडलो नाही.

दुसऱ्या घराण्यातून तिसऱ्यात जाणे टाळता येणार नाही, हे प्रथमच मान्य करावयास हवे. जुन्या संगणकाला आधार देणारी कंपनी एके दिवशी हात काढून घेते. विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्ये संपला, विंडोज 10 चा ऑक्टोबर 2025 मध्ये. त्यानंतर त्या यंत्रावर ठेवलेली माहिती कुलूप नसलेल्या पेटीत ठेवल्यासारखी होते. वह्यांना वाळवी लागते, आणि राधानगरीसारख्या पाणथळ हवेत कागदाचे काय होते हे तेथील कोणत्याही शाळेचे जुने हजेरीपट सांगतील. शिवाय महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत. त्यांची हकिकत ठिकठिकाणच्या कपाटांत बंद राहिली, तर एका धरणावर आलेल्या अनुभवाचा उपयोग दुसऱ्याला होत नाही. तेव्हा विरोध स्थलांतराला नाही. प्रश्न स्थलांतर कसे करावयाचे एवढाच आहे आणि घोडे नेमके तेथेच अडते.

या कामाचे दोन मार्ग असतात. पहिला, जुना कार्यक्रम जसाच्या तसा उचलून दूरच्या संगणकावर ठेवणे. हा स्वस्त आणि जलद. पण जुन्या घरातील अडगळ बांधून नव्या घरात नेऊन टाकण्यासारखा. दुसरा, कार्यक्रमाची क्लाऊडला साजेशी पुनर्रचना करणे. अवजड एकसंध यंत्रणेऐवजी लहान लहान स्वतंत्र भाग करावयाचे : एक तपासणीच्या नोंदीचा, एक सुट्या भागांच्या साठ्याचा, एक इशाऱ्यांचा. एक भाग बंद पडला तरी उरलेले चालू राहतात, आणि पुराच्या दिवसांत कामाचा ताण वाढला तर नेमका तोच भाग वाढविता येतो. तंत्रज्ञ दुसऱ्या मार्गाची शिफारस करतात, आणि ती योग्य आहे. परंतु दोन्ही मार्गांत एक गृहीत समान आहे : जुन्या नोंदी खऱ्या आहेत. हे गृहीत कोणी तपासावयाचे?

या बाबतीत महाराष्ट्राला परदेशी गुरू शोधण्याची गरज नाही. सातबारा उताऱ्यांचे संगणकीकरण हा या राज्याने केलेला नोंदींच्या स्थलांतराचा प्रचंड प्रयोग होय. तलाठ्याच्या हस्तलिखित उताऱ्यावरून मजकूर संगणकात गेला आणि असंख्य ठिकाणी क्षेत्र, खातेदाराचे नाव, इतर हक्कांतील बोजा यांत फरक पडला. यंत्राने चूक केली नव्हती. त्याने दिलेले इमानाने साठविले होते. अखेर 2017 मध्ये गावोगाव चावडीवाचनाची मोहीम घ्यावी लागली. संगणकातील उतारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचावयाचा आणि ज्याची जमीन त्याने चूक दाखवावयाची. इतक्या आधुनिक कामाची परीक्षा इतक्या जुन्या रीतीने व्हावी, याची काहींनी थट्टा केली असेल. परंतु नोंद खरी की खोटी हे त्या मातीवर उभा असलेला माणूसच सांगू शकतो, हे तत्त्व त्या मोहिमेने मान्य केले. त्यानंतर 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. हा क्रम महत्त्वाचा आहे : आधी वाचन, मग स्वाक्षरी.

धरणांच्या नोंदींनाही हेच लागू व्हावे. शाखा अभियंता, गेट चालविणारा मिस्त्री, रात्रपाळीचा चौकीदार आणि सेवानिवृत्त झालेले पण पंचक्रोशीत राहणारे जुने कर्मचारी, एवढ्यांना धरणाच्या माथ्यावर उभे करून नव्या प्रणालीतील एकेक ओळ त्या-त्या दारासमोर वाचून दाखवावी. 'दार क्रमांक अमुक, स्थिती उत्तम' असे पडद्यावर आले, तर ते दार हलवून पाहावे. पाच वर्षे मागे 'दुरुस्ती पूर्ण' असा शेरा असेल, तर दुरुस्ती कोणत्या भागाची झाली हे विचारावे. यात वेळ जाईल. निविदेतील वेळापत्रकात त्याला रकाना नसतो, म्हणूनच तो आग्रहाने घालावयास हवा.

सेवानिवृत्तांचा उल्लेख भावनेपोटी केलेला नाही. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री कर्नाटकात तुंगभद्रा धरणाच्या 33 दरवाजांपैकी एकोणिसाव्याची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. हे धरणही राधानगरीच्याच पिढीतले, 1953 मधले. भरलेल्या जलाशयातून पाण्याचा लोंढा सुटला. तो थोपविण्यासाठी बोलावणे धाडले गेले ते कन्हैया नायडू या वयोवृद्ध, निवृत्त दरवाजातज्ज्ञाला. वाहत्या पाण्यात तात्पुरत्या फळ्या बसविण्याची त्यांची योजना सुमारे आठवड्याभरात यशस्वी झाली. त्यांच्या कर्तृत्वाचे कौतुक झाले ते यथार्थच. पण त्या कौतुकात एक अस्वस्थ करणारा प्रश्न झाकला गेला. एवढ्या मोठ्या धरणाचा जीव एका माणसाच्या अनुभवात अडकलेला असावा काय? जे त्यांच्या डोक्यात आहे ते लिहून घेतल्याशिवाय केलेले प्रत्येक स्थलांतर म्हणजे रिकाम्या पेट्यांची वाहतूक आहे.

घाईची किंमत काय पडते, हे ब्रिटनच्या टीएसबी बँकेने दाखवून दिले आहे. एप्रिल 2018 मध्ये तिने आपले सर्व खातेदार एका शनिवार-रविवारात नव्या संगणकप्रणालीवर नेले. सोमवार उजाडला तेव्हा लक्षावधी ग्राहकांना स्वतःच्या खात्यापर्यंत पोचता येईना. नियामकांनी 2022 मध्ये बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून अधिक दंड केला. बँकेला दंड भरून मोकळे होता येते. धरणाच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून जुनी आणि नवी नोंद निदान एक पूर्ण पावसाळा शेजारी-शेजारी चालवावी आणि बदल मे महिन्यात कदापि करू नये. आपल्याकडे तो मार्चअखेर निधी संपविण्याच्या गडबडीत होण्याचाच संभव अधिक.

निधीचा विषय निघालाच आहे, तर त्यातील अर्थशास्त्रही पाहावे. जुन्या पद्धतीत यंत्र एकदा विकत घेतले जाई. तो भांडवली खर्च. क्लाऊडमध्ये दरमहा भाडे द्यावे लागते. तो महसुली खर्च. सरकारी अंदाजपत्रकात या दोन रकान्यांचे नशीब फार वेगळे असते. नव्या कामाच्या कोनशिलेला मंत्री येतात. देखभाल-दुरुस्तीच्या तरतुदीला कोणी हार घालीत नाही, आणि काटकसरीची कात्री प्रथम तिच्यावरच चालते. एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानातून पहिली काही वर्षे भाडे भागेल. पुढे ते कोणत्या शीर्षाखालून द्यावयाचे, हे पहिल्याच दिवशी ठरले नसेल तर ते नेमके ग्रीस आणि रबरी सीलच्या पैशातून जाईल. दाराची स्थिती पडद्यावर सुरेख रंगांत दिसावी आणि दाराला वंगण मिळू नये, असा तो व्यवहार होईल. भाड्याच्या प्रत्येक रुपयासोबत देखभालीची तरतूद बांधून ठेवणे हा त्यावरील उपाय आहे. मिस्त्री आणि चौकीदार यांच्या जागा रिकाम्या ठेवून केलेली बचत ही बचत नव्हेच. तो उद्याच्या अपघातावर काढलेला कर्जरोखा आहे.

करारातील दोन कलमांकडे मात्र काटेकोरपणे पाहावयास हवे. माहितीची मालकी शासनाची, आणि ती कोणत्याही क्षणी सर्वमान्य स्वरूपात परत मिळण्याचा हक्क शासनाचा, हे पहिले; अन्यथा पुरवठादार बदलावयाचा म्हटले की खर्चाचा डोंगर उभा राहतो आणि मक्तेदारी आपसूक तयार होते. दुसरे कलम प्रतीचे. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे क्लाऊडवरील खातेच मे 2024 मध्ये पुरवठादाराच्या चुकीने पुसले गेले. पाच लाखांहून अधिक सभासदांचा कारभार ठप्प झाला. तो पुन्हा उभा राहू शकला, कारण त्यांनी एक प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडेही ठेवली होती.

आणि एक प्रत धरणावर. दाजीपूरच्या जंगलापासून राधानगरीपर्यंत अतिवृष्टीच्या रात्री झाडे कोसळतात, वीज जाते, मोबाइलची रेघ नाहीशी होते. ज्या रात्री नोंद सर्वाधिक हवी, नेमक्या त्याच रात्री ती हाती लागणार नसेल, तर ती मुंबईत सुरक्षित असल्याचे समाधान निरर्थक आहे. प्रणाली अशी हवी की जाळे तुटले तरी धरणावरच्या यंत्रावर नोंद लिहिता-वाचता यावी आणि संपर्क जुळताच ती मध्यवर्ती नोंदीशी मिळावी. हे आज अशक्य नाही; मागणी मात्र करावी लागते. आणि त्या यंत्राशेजारी एक वही असू द्यावी, मराठीत. मिस्त्रीने 'दार जड चालते, डावीकडून आवाज येतो' असे लिहिले, तर त्यासाठी नव्या प्रणालीत जागा नसते. तेथे 'चालू' आणि 'बंद' असे दोनच पर्याय असतात. 2021 च्या डिसेंबरातील त्या सेवाद्वाराची हकिकत कशी नोंदली जाते, यावरूनच नव्या प्रणालीचे पहिले गुण ठरवावेत. दुरुस्तीपूर्वी काय आढळले, काम कोणत्या क्रमाने झाले, दार कोठे अडले, ते कसे मिटविले, हे सर्व त्यात असेल, तर पुढच्या अभियंत्याला काही मिळाले. 'बिघाड दूर केला' एवढेच असेल, तर तेवढे जुन्या वहीतही लिहिता आले असते.