टेबल कोणाचे?

पूल खेळण्याच्या काठीचे वजन अर्ध्या किलोहून थोडेसेच अधिक भरते. डोक्यावर कापसाचे गाठोडे आणि कडेवर मूल घेऊन सेलू-मानवतच्या शिवारातून दिवेलागणीला घरी परतणाऱ्या बाईला ही काठी पेलणार नाही, असे म्हणण्याचे धाडस या जिल्ह्यात कोणी करणार नाही. तरीही या खेळाची व्यावसायिक दुनिया पुरुषांची आणि महिलांची अशी विभागली गेली. स्त्रियांनी पुरुषांच्या बरोबरीने एकाच स्पर्धेत उतरावे की नाही, हा वाद तिथे आजही मिटलेला नाही. हा वाद दूरदेशीच्या हौशी लोकांचा आहे, दुष्काळाने आणि शेतमालाच्या भावाने गांजलेल्या परभणीला त्याचे काय, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. आमचे मत वेगळे आहे.

खेळाच्या सुरुवातीला चेंडू फोडण्याच्या पहिल्या फटक्यात दंडाच्या ताकदीचा काही फायदा होतो, हे मान्य करू. पुढचा सारा खेळ मात्र नजरेचा, कोनाचा आणि धीराचा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या जीन बालुकास या खेळाडूने १९७२ ते १९७८ अशी सलग सात वर्षे अमेरिकेची महिलांची खुली स्पर्धा जिंकली आणि नंतर पुरुषांच्या स्पर्धांत उतरून तिथल्या नामवंतांनाही हरविले. स्नूकर हे पूलचेच भावंड. व्यावसायिक स्नूकरची दारे १९९१ साली सर्वांना खुली झाली. पुढची तीस वर्षे त्या दारातून आत गेलेल्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. अखेर २०२१ साली बारा वेळा महिला विश्वविजेती ठरलेली इंग्लंडची रीअॅन एव्हान्स आणि हाँगकाँगची इंग ऑन-यी यांना व्यावसायिक मालिकेत मुद्दाम जागा द्यावी लागली. दार उघडे आहे, मग येत का नाही, असा प्रश्न यावर लगेच विचारला जातो. दलितांना विहीर खुली झाल्यावरही काही लोक अगदी असेच विचारीत असत.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला विलायतेस जाण्याचे कारण नाही. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर या तेरा वर्षांच्या मुलीने पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत भाग घेतला. असे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. बुद्धिबळात तर दंडाच्या ताकदीचा काडीचाही संबंध नाही. प्यादे उचलायला पैलवान लागत नाही. तरीही गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स यूवे यांना असा निर्वाळा द्यावा लागला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. म्हणजे हा नियम जगाला मिळाला तो एका मराठी शाळकरी मुलीमुळे. तिने पुढे १९८१ साली आशियाई महिला अजिंक्यपद मिळविले. आमच्या शाळांतील किती मुलींना हे नाव ठाऊक आहे?

त्याच १९७६ साली संसदेने समान मोबदला कायदा संमत केला. समान कामाला समान मजुरी या मागणीसाठी आपण मोर्चे काढले, आणि ते योग्यच होते. पण पटावर त्या मुलीची जी अडवणूक झाली, तीही याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे, हे किती जणांच्या ध्यानी आले? मजुरीच्या आधी कामाच्या जागी प्रवेश मिळावा लागतो.

आता एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. हा लढा बुद्धिबळात उभा राहिला, बिलियर्डसच्या टेबलावर नाही, हा योगायोग नव्हे. बुद्धिबळाचा पट घरात मावतो. खाडिलकरांच्या घरात तो होता. वडील नीलकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक, आणि वासंती, जयश्री व रोहिणी या तिन्ही बहिणी राष्ट्रीय विजेत्या. पूलचे नऊ फुटी टेबल कोणत्या मजुराच्या, शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात मावणार? ते जिमखान्यात असते, क्लबात असते, नाही तर ताशी पैसे मोजून खेळायच्या दुकानात असते. तिथे संध्याकाळी सातनंतर पोरांची गर्दी, सिगारेटचा धूर, आणि दारातून आत येणाऱ्या मुलीकडे वळणाऱ्या दहा माना. तेवढे सोसून ती आत गेलीच तर घरी परतल्यावर कुठे होतीस, ही विचारणा. मुलाला तिथे रोज तीन तास मिळतात, मुलीला आठवड्यातून एकही नाही. दहा वर्षांनी दोघांना एका टेबलाशी उभे करायचे आणि निकाल पाहून स्त्रीच्या स्वभावाविषयी सिद्धांत मांडायचे, हा कोणता न्याय?

शिवाय स्त्री जिंकली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजीची स्पर्धा स्त्री-पुरुषांची एकत्र होती आणि तिचे सुवर्णपदक चीनच्या झांग शान हिने पटकावले. चार वर्षांनी अटलांटाला त्या प्रकारात स्त्रियांना जागाच नव्हती. त्यांची वेगळी स्पर्धा आली ती २००० साली, सिडनीत.

मग महिलांचे स्वतंत्र गट मोडून टाकावेत काय? आमच्यातले काही उत्साही तरुण तसे म्हणतात. तर्क साधा आहे, पण तो शहरातल्या सुखवस्तू मुलीच्या सोयीचा. आज स्वतंत्र गट मोडला तर पाथरीच्या किंवा सोनपेठच्या मुलीला जिल्ह्याबाहेर जाण्याची जी एकमेव संधी आहे, तीच जाईल. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयातून तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला. स्वतंत्र गट ही शिडी आहे आणि ती आज हवीच. आमचा आक्षेप शिडीला नसून वरच्या मजल्याचे दार बंद ठेवण्याला आहे. महिलांचा गट राहावा, आणि दुसरा गट 'पुरुषांचा' न राहता खुला असावा. दोन्हीकडे बक्षिसाची रक्कम सारखी असावी.

हे सांगताना आम्हांला आमच्याच घराकडे पाहावे लागते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर मुले-मुली एकत्र खेळत असत, आणि त्यासाठी सेवा दलाने टीकाही सोसली. त्या परंपरेचे नाव घेणाऱ्या आपल्या कचेऱ्यांत आज कॅरमबोर्ड असतो. त्याच्याभोवती कोण बसते? भगिनी कार्यकर्त्या सभेपुरत्या येतात, चहा होईपर्यंत थांबतात, आणि सोंगट्या मांडल्या गेल्या की उठून जातात. त्यांना कोणी जा म्हणत नाही. बस असेही कोणी म्हणत नाही. गंगाखेडच्या जनाबाईचे नाव हा जिल्हा अभिमानाने सांगतो. संतांच्या पंगतीत तिला कोणी 'महिला गटात' बसविले नव्हते, याचा मात्र आपल्याला विसर पडतो.

येत्या गणेशोत्सवात आपले कार्यकर्ते ठिकठिकाणी कॅरम आणि बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवतील. प्रवेशपत्रिका छापायला टाकण्यापूर्वी 'पुरुष एकेरी' हे शब्द खोडून तिथे 'खुला गट' लिहावे. सामने रात्री दहाला न ठेवता दुपारी ठेवावेत. आणि स्पर्धेच्या आधी महिनाभर कचेरीतला बोर्ड रोज दोन तास मुलींसाठी राखून ठेवावा. त्या वेळात आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी वर्गणीच्या पावत्या फाडायला बाहेर पडावे, ते कामही पुष्कळ तुंबले आहे.