पाणी वरून आलं की खालून?



गोष्ट फेब्रुवारी २०२४ मधली, चेन्नईच्या पोस्टिंगमधली. तिथली थंडी संपत आली होती. म्हणजे शर्ट सकाळी साडेआठला भिजायचा, तो आता साडेसातलाच भिजायला लागला होता. वर्कशॉपच्या शेडमध्ये चहा घेत होतो. तेवढ्यात आमचे एक कॅप्टनसाहेब मोबाईल पुढे धरून आले. कोथरूडचे, वय अठ्ठावीस, लग्न अजून ठरायचं होतं.

"सुभेदारसाहेब, ही बघा."

लाल रंगाची, दोन दारांची, दोन सीटची, छप्पर मागे दुमडणारी गाडी. २००८ चं मॉडेल, चालली फक्त ४१ हजार किलोमीटर. विकणारे एक रिटायर्ड कर्नल. गाडीच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे जे निघालं त्यात कंपनीचा दोष नव्हता.

"रविवारी चलाल का बघायला?"

"बघायला येतो सर. पण तपासायला या गाड्यांचाच मेकॅनिक लावू. त्याचे पैसे देऊन."

"तुम्ही ईएमईचे. तुमच्याहून जास्त कोण बघणार?"

"सर, सव्वीस वर्षं मी स्टॅलियन आणि जिप्सी उघडल्या. या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं तेसुद्धा मला शोधावं लागेल."

कॅप्टनसाहेब जरा थांबले आणि म्हणाले, "पण कर्नलसाहेबांना काय सांगू? तुमच्यावर विश्वास नाही म्हणून? फौजी माणसाची गाडी आहे, साहेब."

या शेवटच्या वाक्यासाठी हा लेख लिहितोय. आपल्या लोकांत हे वाक्य फार चालतं. जाहिरातीत 'फौजी ओनर' लिहिलं की भाव वर जातो आणि विचारायचे प्रश्न खाली येतात. माझं मत सरळ आहे. फौजी माणसाचा शब्द खरा असतो असं धरून चाला, पण त्याचा शब्द म्हणजे गाडीचा रिपोर्ट नव्हे.

मी आटपाडी तालुक्यातला. खरसुंडीच्या बाजारात आजोबांबरोबर खिलार बघायला जायचो. बैल आपल्या पाहुण्याचा असला तरी आजोबा त्याचं तोंड उघडून दात बघायचे. आदत आहे, दुसा आहे की चौसा, हे सांगणाऱ्याच्या तोंडावरून नाही, बैलाच्या तोंडावरून ठरायचं. मग खूर, मग चालवून बघणं, मग रुमालाखाली बोटांचा सौदा. पाहुणा रुसल्याचं मला आठवत नाही. दात न बघता बैल नेणाऱ्याला मात्र बाजार हसायचा.

फौजेत तर हे आपल्या हाडात भिनलेलं असतं. जोडीदाराने रायफल खाली करून तुमच्या डोळ्यांसमोर हातात दिली, तरी चेंबर तुम्ही पुन्हा बघता. जिगरी दोस्ताकडून स्टोअरचा चार्ज घेतानाही लेजर उघडून एक एक नग मोजता आणि मगच सही करता. त्यात कुणाचा अपमान होत नाही. पण हाच माणूस सिव्हिलमध्ये लाखांची गाडी घेताना दोन सलाम आणि एका चहावर सही करून मोकळा होतो.

गाडी साधी असेल तर एक वेळ निभावून जातं. जुनी स्पोर्ट्स कार निभावून नेत नाही. ही गाडी कमी चालते, आणि कमी चालणं हा गुण आहे असं आपण समजतो. टायमिंग बेल्टचं रबर वयानेही मरतं, मीटरवर किलोमीटर कितीही कमी असोत. टायरचं तेच. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. १२१५ म्हणजे २०१५ चा बारावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण रबर नऊ वर्षांचं, असा टायर वेगात दगा देतो. वर ही गाडी मालकाने हौसेने पळवलेली असते, कधी कुठे ठोकलेली असते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. पुट्टी मारून रंगवलेल्या जागी मापकावर आकडा कितीतरी पट चढतो. कुणी म्हणेल, रंगाला लोहचुंबक लावला की झालं. पण गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या गाडीचं अंगच फायबरचं, तिथे चुंबक काय सांगणार? म्हणून त्या त्या गाडीचा जाणकार लागतो.

चेन्नईला असा जाणकार मिळणं अवघड नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या धावपट्टीवर इथे वर्षानुवर्षं शर्यती झाल्या. १९९० पासून इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. त्या शर्यतींच्या गाड्या उघडून जोडणारे हात याच शहरातल्या गल्ल्यांमधून आहेत. अंबत्तूरच्या एका गॅरेजमधले अण्णा असेच. त्यांनी साडेचार हजार रुपये सांगितले आणि एक अट घातली, "इंजिन थंड हवं. मी यायच्या आधी कुणी चालू करायची नाही."

कर्नलसाहेबांना फोन मीच केला. म्हटलं, "सर, गाडी चेक करवानी है, आपकी इजाज़त हो तो." पलीकडून लगेच उत्तर आलं, "ऑफ कोर्स साब. इसमें पूछना क्या?" कॅप्टनसाहेबांची दोन दिवसांची धाकधूक दोन सेकंदांत संपली.

रविवारी अण्णांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. थंड होतं. चालू करताना मागे उभे राहून धूर बघितला. निळा असता तर ऑइल जळत असतं. तसं काही दिसलं नाही. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मळी नव्हती. चासी नंबर आरसीशी जुळला. कॅप्टनसाहेबांचा चेहरा खुलत चालला होता.

मग अण्णांनी सीटमागच्या कार्पेटवर तळहात दाबला. ओलसर. कर्नलसाहेब स्वतःच म्हणाले, "छपराच्या पाण्याचा ड्रेन तुंबतो." अण्णांनी ड्रेनमध्ये तार घातली आणि कडुलिंबाची कुजलेली पानं बाहेर आली. म्हणजे कर्नलसाहेब खरं बोलत होते. मी असतो तर तिथेच थांबलो असतो.

अण्णा थांबले नाहीत. त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला आणि खालचं लेबल वाचलं. गाडी २००८ ची, दोन्ही बेल्ट २०१६ चे. मग सीटच्या रुळांखाली बॅटरी मारली, गंज होता. मधल्या कन्सोलचं प्लास्टिक काढलं. आतल्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर आणि कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ.

"तण्णी, सार," अण्णा म्हणाले. पाणी. आणि बोट खालून वर नेलं.

पावसाचं पाणी वरून येतं, ते कार्पेट भिजवतं आणि सुकतं. पुराचं पाणी खालून चढतं आणि जाताना गाळ ठेवून जातं. १ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यार नदी चेन्नईत शिरली, तेव्हा हजारो गाड्या अशाच बुडाल्या. डिसेंबर २०२३ च्या मिचाँग चक्रीवादळात पळ्ळिकरणै भागात गाड्या पाण्यावर तरंगत गेलेल्या सगळ्या देशाने बघितल्या. आपल्याला हे नवीन नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं. अशा प्रत्येक पुरातल्या बऱ्याच गाड्या धुऊन, पुसून पुन्हा बाजारात येतात, आणि शक्यतो जिथे पूर आला नाही अशा गावात विकल्या जातात.

अण्णांनी शेवटी स्कॅनर लावला. एअरबॅगचं युनिट त्याच कन्सोलखाली होतं. ते उत्तरच देईना. मग डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लाल का नव्हता? चावी फिरवली की तो लागून विझत होता, अगदी बरोबर. कारण कुणीतरी त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडली होती. ऑइलचा दिवा विझला की हाही विझायचा.

कर्नलसाहेब खाली अंगणाच्या पायरीवर बसले. २०१७ ला त्यांनी ही गाडी एका डीलरकडून घेतली होती, पसंत पडली म्हणून, न तपासता. घरातून फाईल आणली. त्यात आधीच्या मालकाची २०१६ ची विमा पॉलिसी होती. आठ वर्षं एकाच मालकाकडची गाडी आणि नो क्लेम बोनस शून्य. म्हणजे आदल्या वर्षी क्लेम झाला असावा, नाहीतर पॉलिसी मध्ये तुटली असावी. दोन्ही वेळी प्रश्न विचारायला हवा होता. कागद सात वर्षं घरातच होता. गंमत म्हणजे २०२३ ला पंधरा वर्षं झाल्यावर गाडी आरटीओला दाखवून नोंदणी पाच वर्षं वाढवूनही घेतली होती. तेही खरं होतं. पण कन्सोल उघडून बघायचं काम त्या तपासणीचं नाही.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग इंग्रजीत हळू म्हणाले, की दर शनिवारी नातीला शेजारच्या सीटवर बसवून मी ईसीआरवर घेऊन जातो.

त्यावर आम्ही तिघांपैकी कुणीच काही बोललो नाही.

आता सांगा, इथे खोटं कोण बोललं? कर्नलसाहेबांचा एक शब्दही खोटा नव्हता. त्यांना माहीत होतं तेवढं त्यांनी सगळं सांगितलं. जे माहीतच नव्हतं ते कसं सांगणार? 'माणूस चांगला आहे, मग तपासायचं कशाला' हा हिशेब इथेच चुकतो. तपासणी माणसाची नसते, गाडीची असते. आणि चांगल्या माणसाची गाडी तर आधी तपासावी, कारण तिथे आपण प्रश्न विचारायचे सोडून देतो.

लोक म्हणतात, साडेचार हजार फुकट जातात. नापास गाडीवर घातलेले पैसे फुकट गेले असं ज्याला वाटतं, त्याने एअरबॅगच्या युनिटची किंमत विचारावी. लोक म्हणतात, तोवर दुसरा गिऱ्हाईक गाडी घेऊन जाईल. जाऊ दे. जो विकणारा एका सकाळची तपासणी नाकारतो, त्याने तुम्हाला रिपोर्ट फुकटात दिला असं समजा. आणि मेकॅनिक विकणाऱ्याचा नसावा, तुमच्या दोस्ताचा दोस्तही नसावा. दोस्त तुमचं मन राखतो. ज्याला आपण पैसे देतो आणि ज्याला गाडी विकली गेली काय किंवा नाही काय सारखंच, त्याचं ऐकावं.

हे मी मुख्यतः रिटायर होणाऱ्यांसाठी लिहितोय. कम्युटेशन आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एकदम खात्यात येतात. तीस वर्षं मनात ठेवलेली एखादी हौस त्याच महिन्यात वर येते. कुणाला बुलेट हवी असते, कुणाला जोंगा, एखाद्याला लाल दोन सीटची गाडी. हौस जरूर करा, ती तुम्ही कमावलेली आहे. फक्त टोकन देण्याआधी थंड इंजिनावर तपासून घ्या, आरसीवर बँकेचा बोजा नाही ना ते बघा, आधीच्या मालकाच्या पॉलिसी मागा, आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका.

कॅप्टनसाहेबांनी ती गाडी घेतली नाही. परतताना कर्नलसाहेबांनी अण्णांचा नंबर मागून घेतला. दीड महिन्याने त्यांचा मला फोन आला. एअरबॅगचं युनिट नवीन बसवलं होतं, वायरिंग बदललं होतं, अण्णांचा रिपोर्ट फाईलला लावला होता. खर्च बराच आला. मी विचारलं, "अब बेच रहे हैं, सर?"

"नहीं साब. सॅटरडे को जाना है, पोती वेट करती है."

कॅप्टनसाहेबांचं पोस्टिंग पुढे आसामला आलं. परवा मेसेज होता, गुवाहाटीत एक गाडी बघितली आहे, तपासणीवाला कुणी माहीत आहे का? मी लिहिलं, विचारून सांगतो. तोवर फोटो बघू नका.