कच्ची वही

माझी आजी एकदा म्हटलेली ओवी दुसऱ्यांदा तशीच म्हणत नाही. मी त्या ओव्या रोज रात्री घरच्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये उतरवतो, आणि आमच्याकडची वीज तर विचारायलाच नको! म्हणून झेडएफएसच्या लेखन-नोंदीसाठी मी नवी स्वस्त एसएसडी न घेता, कार्यालयातून निवृत्त झालेली २०० जीबीची इंटेल डीसी एस३७०० घेतली. मित्र हसले. हसोत बापडे.

ही नोंद म्हणजे वाण्याची कच्ची वही. गिऱ्हाइकाला पावती तत्काळ मिळते. पक्क्या खात्यात जमा साधारण ५ सेकंदांनी होते. कच्ची वही वाचायची वेळ येते ती वीज गेल्यावरच. मग तिला आकार कशाला हवा? गिगाबिट जाळ्यातून सेकंदाला फार तर १२५ एमबी येणार. चार-पाच जीबी पुष्कळ झाले. हवे ते इमान. एस३७०० मध्ये कपॅसिटर असतात. वीज गेली तरी ते हातातले लिखाण पुरे करण्याइतका दम देतात. स्वस्त डिस्कमध्ये ते बहुधा नसतात. मग ती पावतीगणिक रेंगाळते, नाहीतर खोटी पावती देते.

जुन्याची भीती? २०१२ साली आलेल्या या डिस्कची हमीच रोज १० वेळा पूर्ण भरण्याची, तीही ५ वर्षे. मात्र झीज दाखवणारे स्मार्टचे आकडे पाहिल्यावाचून पैसे काढू नयेत. विक्रेता टाळाटाळ करू लागला की उठावे.

नुसते चित्रपट साठवणाऱ्याने या फंदात पडूच नये. त्याला पावतीची घाई नसते.